अंतराळवीर आणि मावशीच्या हातातली वेणी

आधी मावशीचं सांगते, मग माझं. ती माझी सख्खी मावशी नाही. सुपे गावात, माझ्या कारखान्याजवळ, तिच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत मी भाड्यानं राहते, एवढंच आमचं नातं. पण आज मी कारखान्यात टिकून आहे ती तिच्यामुळे. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर सांगता सांगता राहून जाईल अशी धास्ती वाटते. तशी मला सगळ्याचीच धास्ती. खोलीला कुलूप लावून रस्त्यापर्यंत गेले तरी परत येऊन ते ओढून बघते.

माझं गाव लांब, खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याला. नववीनंतर शाळा सुटली, कारण दहावीचा वर्ग दुसऱ्या गावाला होता आणि तिकडची एसटी बंद पडली. आमच्या शाळेच्या भिंतीवर एक अंतराळवीर रंगवलेला होता. पोपडे निघून त्याचा एक पाय गेला होता, तरी तो काळ्या आकाशात मजेत तरंगत असायचा. कवितेच्या तासाला मी त्याच्याकडेच बघत बसे. एवढ्या अंधारात एकटा, आणि घाबरत नाही! माझ्यासारख्या भित्र्या पोरीला दुसरा कोण आवडणार?

मग अलीकडे आपल्या देशातला एक जण खरंच अंतराळात गेला. त्या दिवशी मला सुट्टी होती. मावशी ओट्यावर बाजरी निवडत होती आणि मी तिला मोबाईलवर दाखवत होते.

"ह्यो वर खातो काय गं?"

"पाकिटातलं असतं, मावशी."

"आन् भाकरी?"

"भाकरीचा चुरा हवेत उडत बसेल."

"मंग कसलं आलंय अंतराळ!" म्हणून तिनं सूप आपटलं. पण बघत राहिली. निघायच्या आधी त्याला पोशाख चढवत होते ते दाखवलं. तो खुर्चीत हात पसरून बसला होता आणि दोघंतिघं त्याच्या पोशाखाची चेन, नळ्या, हातमोजे लावत होते. मावशी म्हणाली, "एवढा मोठा गडी, पन बटन दुसरंच कोनीतरी लावतंय. माझी आई मला जत्रंला जाताना अशीच तयार करायची." मी तो फोटो मोबाईलच्या पडद्यावर ठेवला.

काही दिवसांनी कारखान्यात मला पॅकिंगमधून रंगकामाला घेतलं. गाड्यांच्या सुट्या भागांना रंग मारायची बंद केबिन असते. आत जाताना गळ्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, डोक्यावरून खांद्यापर्यंत येणारं टोपडं, समोर काच, आणि पाठीमागून भिंतीला जोडलेला हवेचा पाइप. आरशात बघितलं तर मी भिंतीवरच्या चित्रासारखी दिसत होते. मला हसू आलं. मग टोपडं बंद झालं.

माझाच श्वास मला मोठ्यानं ऐकू यायला लागला. काचेवर वाफ धरली. कोणीतरी तोंड दाबलंय असं वाटलं आणि "माय वं!" करत मी टोपडं ओढून काढलं. सगळे हसले. साहेब हसले नाहीत. "पॅकिंगची जागा भरलीय," ते म्हणाले. "उद्या परत बघू. उद्याही जमलं नाही तर मला तुला ठेवता यायचं नाही."

म्हणजे घरी. घरी गेले की पुन्हा कोणी मला गावाबाहेर पाठवणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

खोलीवर येऊन मी रडत मावशीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आत गेली आणि आपला पावसाळी कोट घेऊन आली. त्याची टोपी माझ्या तोंडावर ओढली, नाडी आवळली आणि मागं बसून माझी वेणी हातात धरली.

"घे श्वास."

"जमत नाही, मावशी."

"बोलतीस म्हंजी श्वास चाललाय. त्या अंतराळातल्या गड्याला पाइप हुता न्हवं? तुला ही येनी. मी धरलीया. घाबरलीस की वढ, मी हिकडून वढीन."

मी मान पुढं घेऊन वेणी ओढली. तिनं परत ओढली. पुन्हा ओढली, पुन्हा तिनं. शेजारीण कुंपणाशी येऊन म्हणाली, "काय गं, पोरीला येसन घातली का?" मावशी म्हणाली, "अंतराळात धाडतीया. तुला यायचंय?" मला टोपीच्या आत हसू आलं, आणि हसताना श्वास आपोआप आत गेला.

सकाळी निघताना तिनं माझ्या डोक्यावर खोबरेल तेल थापलं. "डोकं गार तर जीव गार." वेणीही तिनंच घातली, घट्ट.

त्या दिवशी टोपडं बंद झालं तेव्हा मी डोळे मिटले आणि पाठीवर वेणी आहे का ते मान हलवून बघितलं. होती. मग डोळे उघडले. कामाची पाळी संपेपर्यंत टोपडं काढलं नाही. पण रंग वाळवायच्या भट्टीतून गाडीच्या पत्र्याची पॅनेल बाहेर आली तर रंगाला बारीक बारीक खड्डे, देवीचे वण असावेत तसे. साहेबांनी एक पॅनेल उजेडात धरलं, मग माझ्याकडे वळून नाक फेंदारलं.

"तेल लावून आलीस?"

रंगकामाला येताना डोक्याला तेल, तोंडाला क्रीम काही चालत नाही. आदल्या दिवशी सांगितलं होतं म्हणे, पण तेव्हा मला काही ऐकूच येत नव्हतं. टोपडं सारखं करताना हातमोज्याला तेल लागलं आणि त्याच हातानं मी रंगाआधी पॅनेल पुसली होती. आता संपलंच.

"कोणी लावलं एवढं?"

"मावशीनं. जीव गार राहावा म्हणून."

साहेबांनी पॅनेल खाली ठेवलं. "राहिला का?"

"राहिला."

"मग उद्या डोकं धुऊन ये. पॅनेल घासून परत रंगवता येतात."

मावशीला हे सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. "अगं बया! माझ्याच हातानं तुझं वाटुळं करीत हुते की!" लगेच चूल पेटवून पाणी तापवलं, मला अंगणात दगडावर बसवलं आणि शिकेकाईनं तीन वेळा डोकं धुतलं. तोंडानं मला, तेलाला आणि कारखान्याला शिव्या चालूच होत्या. माझी मान तिच्या गुडघ्यावर होती. घर सोडल्यापासून माझ्या डोक्यावर कोणी पाणी घातलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तो अंतराळवीर परत आला. वर तरंगून तरंगून पाय कच्चे पडतात म्हणे, त्यामुळे बाहेर आल्यावर दोघांनी त्याला दोन्हीकडून धरलं होतं. तो हसत होता. लाज नाही, काही नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की भिंतीवरच्या चित्रात फक्त तोच रंगवलेला होता, धरणारी माणसं रंगवायची राहून गेली होती. त्यानंतर तो मला जास्तच आवडायला लागला.

"तुम्हाला नाही का जावंसं वाटत वर, मावशी?"

"जाईन की, वरच्यानं बोलावल्यावर!"

मावशी, त्याच्या आधी एकदा मी तुम्हाला नेणार आहे. अंतराळात नाही जमायचं, पण विमानात नेईन. खिडकीची जागा तुमची. भाकरी बांधून घेऊ, चुरा सांडला तर सांडला. पट्टा मी लावीन, आणि खाली उतरेपर्यंत हात सोडणार नाही.