भाता जिना चढतो

काचेच्या कारखान्यात सगळे त्याला भाता म्हणत. लोखंडी फुंकणी ओठांना लावून त्याच्यासारखी बाटली फुगवणारा दुसरा माणूस तिथे नव्हता, आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगत असे. गर्व होता, आणि चांगला पोसलेला होता. पुढे भट्टीची धूळ आणि विडी या दोघींनी मिळून त्याच्या छातीची चाळण केली. आता चप्पल घालायला वाकला तरी त्याला धाप लागे.

खुब्याचं हाड मोडल्यापासून बायको माडीवर अंथरुणाला खिळली होती. तिला खाली आणायची सोय नव्हती आणि याला वर चढवत नव्हतं. मुलानं त्याची खाट खालच्या अडगळीच्या खोलीत टाकली. "पाठीवर घेऊन वर नेतो," असं तो एकदा म्हणाला, तर म्हातारा भडकला. "मी काय सिमेंटचं पोतं आहे?"

वरून ती हाक मारी, "अहो, जेवलात का?" याचा आवाज पहिल्या पायरीपर्यंतही पोचत नसे. उत्तर सून घेऊन जाई. नवरा-बायकोचं बोलणं सुनेच्या तोंडून. त्यात काय बोलणार, कपाळ. त्याला एकदा तिच्याजवळ बसून बोलायचं होतं, बाकी काही नको होतं.

म्हणून तो दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंकडे जाऊ लागला. नाकानं श्वास आत घ्यायचा, ओठांचा चंबू करून हळूहळू बाहेर सोडायचा. इथेच घोडं पेंड खाई. ओठ आवळले की जन्माची सवय जागी होई. गाल फुगवून तो सगळा दम रेटून बाहेर काढी आणि मग श्वास रोखून धरी, कारण फुंकणी तोंडात असताना श्वास आत ओढला तर घसा भाजतो.

"काका, बाटली नाही फुगवायची," बाई म्हणत. "समोर दिवा आहे समजा. ज्योत नुसती हलू द्या, विझवू नका."

"त्यात कसली मर्दुमकी?"

"मर्दुमकी करूनच इथवर आलात ना?"

मग तो शिकला. पाय उचलताना श्वास सोडायचा, धाप लागली की कठड्यावर हात टेकून पुढे झुकायचं, घाई करायची नाही. अर्ध्या जिन्यापर्यंत जाऊन तो परत येऊ लागला.

एका दुपारी सून घाबरीघुबरी खाली आली. "बाबा, आईंचं लक्षण ठीक दिसत नाही. डॉक्टरांना फोन केलाय."

तो उठला. अर्धा जिना अगदी बाईंनी शिकवल्याबरहुकूम चढला. तेवढ्यात वरून ती कण्हली आणि त्याचं भान सुटलं. ओठ आवळून, श्वास कोंडून तो उरलेल्या पायऱ्या झपाट्यानं चढला आणि तिच्या खाटेशी कोसळल्यासारखा बसला.

"आलात?" ती म्हणाली. "बोला की काहीतरी. तुमचा आवाज ऐकून किती दिवस झाले."

त्यानं तोंड उघडलं. नुसती घरघर बाहेर पडली. सांगायचं ते सगळं गळ्याशी आलं होतं आणि त्याला वारा मिळत नव्हता. तिचा हात धरून तो पुढे झुकला, डोळे मिटले आणि ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडू लागला. या वेळी एकदाही चुकला नाही. मागोमाग वर आलेली सून काही म्हणत होती, पण त्याचं सगळं लक्ष छातीकडे होतं.

हळूहळू धाप बसली. "अगं," तो म्हणाला, "आलोय मी."

सुनेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, आई मघाशीच गेल्या."

तिचा हात त्याच्याच हातात होता.