पाणी न लागलेला ट्रे

बेकरीत ट्रेला पाणी लावायचे नाही, हा भट्टीवाल्याचा कायदा होता. घाणा उतरला की ट्रे गरम असतानाच उलथन्याने खरवडायचा, तेलाच्या फडक्याने पुसायचा आणि तसाच मांडणीवर सरकवायचा. वर्षानुवर्षे तेल आणि आच पीत गेलेल्या पत्र्यावर एक काळा, गुळगुळीत थर चढतो. त्यावर काहीही भाजा, ते अलगद सुटून येते. हा थर विकत मिळत नाही, आणि साबणाच्या एका हाताने तो जातो. एका नव्या कामगाराने ट्रे नळाखाली धरला, तेव्हा भट्टीवाल्याने तो त्याच्या हातातून हिसकावून घेतला होता. "आंघोळ तुला हवीय, ट्रेला नाही!" सगळी बेकरी हसली. पुढे हे वाक्य तिथे येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवले जाऊ लागले. भट्टीवाल्याला सगळे उस्ताद म्हणत, आणि त्या काळ्या ट्रेंकडे पाहूनच म्हणत.

सकाळचा पहिला घाणा शेंगदाण्याच्या बिस्किटांचा असे. त्याच ट्रेवर मग साधी बिस्किटे लागत.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्याला मुलगी झाली. पाळण्यात असतानाच तिचे गाल खरखरीत झाले, कोपरांच्या लवणात कातडी फुटू लागली. रडून रडून झोपे आणि झोपेतही खाजवत राही. गाल जरा निवळले तो छाती वाजायला लागली. श्वास सोडताना बारीक, लांबलेला आवाज येई. धाकटा काका एकदा तिला मांडीवर घेऊन म्हणाला, "अरे, हिला बोलवायला नको, हीच आपल्याला शिट्टी मारून बोलावते!" तेव्हापासून ती शिट्टी झाली. बापानेही ते नाव उचलले. आजाराला लाडाचे नाव ठेवले की तो घरचा होऊन बसतो, आणि घरच्या माणसाला कोण घाबरतो? शिट्टी वाजत असली तर म्हणायचे, आज जोरात आहे स्वारी. वाजत नसली तर म्हणायचे, आज बरी आहे.

आईला मात्र या नावाचे हसू कधी आले नाही. तिचा एक मामा दम्याने गेला होता. मोठ्या नणंदेला, मुलीच्या आत्याला, हे कळल्यापासून दुखण्याचे कारण सापडल्यासारखे झाले होते. "आमच्याकडे कुणाची छाती वाजली नाही हो," आत्या येईल तेव्हा म्हणे. "माहेरून दागिने कमी आले ते चाललं, पण हे तरी तिकडेच ठेवायचं." यावर भट्टीवाला हसे. बहिणीच्या बोलण्याला हसणे ही त्याची जुनी सवय होती. त्या हसण्याचा भार कुणावर पडतो, हे पाहायची सवय त्याला नव्हती.

मुलगी शाळेत जाऊ लागायच्या आधी एकदा त्याने कामावरून येताना एक गरम बिस्कीट खिशातून आणले आणि आपल्या हाताने तिला भरवले. दाण्याचे होते. तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, ओकारी झाली. दवाखान्यात चाचण्या झाल्या आणि शेंगदाणा तिला कायमचा बंद झाला. त्यानंतर त्याने जे केले ते त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. घरात दाणा येणे बंद झाले. बेकरीचे कपडे तो बेकरीतच उतरवू लागला, नखे घासून धुऊ लागला, आणि घरी येऊन पुन्हा न्हाल्याशिवाय पोरीला जवळ घेईनासा झाला. त्याच्या मायेत खोट नव्हती.

दवाखान्यात कातडीचे डॉक्टर एका खोलीत बसत, छातीचे दुसऱ्या, आणि अन्नाच्या अ‍ॅलर्जीचे जिन्याच्या पलीकडे. या तीन खोल्यांतून फिरता फिरता भट्टीवाल्याच्या मनाने तीन वेगळी दुखणी तयार केली. जिन्यापलीकडच्या डॉक्टरीणबाईंनी ती एकत्र करून सांगितली होती. "हे एकाच प्रकृतीचं दुखणं आहे, ते असं वयाबरोबर वेगवेगळ्या वाटांनी बाहेर येतं. अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना दमा जास्त होतो. आणि दमा असला की तीच अ‍ॅलर्जी जास्त घातक ठरते. म्हणून छातीचा रोजचा पंप चुकवू नका. आणि एक लक्षात ठेवा, काही खाल्ल्यावर श्वास लागला, तर अंगावर काही उठलेलं असो नसो, पंपावर विसंबू नका. आधी मांडीत हे इंजेक्शन, मग सरळ इकडे."

आईने ते ऐकले आणि इंजेक्शनची डबी स्वयंपाकघरातल्या कपाटात, हाताशी ठेवली. भट्टीवाल्याने त्यातला आपल्याला कळणारा भाग ऐकला: दाणा बंद. रोजचा पंप त्याने काही महिन्यांनी स्वतःच थांबवला. "बरी आहे ना? मग रोज कशाला? सवय लागेल." बायकोने दोनदा विरोध केला. तिसऱ्यांदा केला नाही. आत्या घरात होती.

एके दिवशी मुलगी शाळेतून आली ती दप्तर कोपऱ्यात टाकून भिंतीकडे तोंड करून बसली. वर्गात कुणाचा तरी वाढदिवस होता. सगळ्यांना केक मिळाला. हिला बाईंनी रंगीत पेन्सिल दिली.

"पेन्सिल खाता येत नाही," ती म्हणाली.

भट्टीवाल्याच्या ते जिव्हारी लागले. साऱ्या वस्तीच्या पोरांच्या दातांखाली आपली बिस्किटे, आणि आपल्या पोरीच्या हातात पेन्सिल! सुट्टीच्या दिवशी आपण स्वतः घरी भाजायचे, असे त्याने ठरवले. मैदा, साखर, लोणी, सगळी पाकिटे नवीन आणून डोळ्यांसमोर फोडली. परात पुन्हा पुन्हा धुतली. वेलचीची डबीसुद्धा जुनी नको म्हणून नवी आणली. एवढी खबरदारी घेऊन झाल्यावर, बिस्कीट चांगले उतरावे म्हणून, त्याने बेकरीतून आपला सर्वांत जुना, सर्वांत लाडका ट्रे कागदात गुंडाळून घरी आणला. घरच्या छोट्या ओव्हनमध्ये तो जेमतेम बसला.

बायकोने ट्रेकडे पाहिले. "अहो, हा धुतलात का?"

"ट्रे धुवायचा नसतो."

"पण तिकडे यावर दाण्याचं..."

"अगं, किती तरी वर्षं भट्टीत तापतोय तो. आगीत काय उरतं? तुझं हे ताटवाटीचं डोकं इथे चालवू नकोस." मग मुलीकडे वळून त्याने विचारले, "काय शिट्टीबाई, आईचं ऐकायचं की उस्तादांचं?"

"उस्तादांचं!" मुलगी ओरडली.

बिस्किटे अलगद सुटली. कडा सोनेरी, पोट पांढरे. मुलीने पहिले खाल्ले, दुसरे खाल्ले, आणि बापाच्या गळ्यात पडली. पेन्सिलीचे दुःख एवढ्या स्वस्तात फिटल्याचे पाहून त्याला भरून आले. ती उड्या मारत बाहेरच्या खोलीत गेली, थोडी खेळली आणि खोकू लागली.

खोकला थांबेना. मग शिट्टी सुरू झाली.

"पळालीस किती!" तो म्हणाला. "पंप आण गं तिचा, दम लागल्यावर द्यायचा."

बायको पंप घेऊन आली. दुसऱ्या हातात इंजेक्शनची डबी होती. "खाल्ल्यावर सुरू झालंय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं..."

"अंगावर काही आहे का? ओठ बघ. ओठ सुजलेत? नाही ना? दमा आहे हा, दमा."

"त्या म्हणाल्या होत्या, अंगावर असो नसो."

"म्हणजे माझ्या बिस्किटानं झालं? माझ्या?" त्याचा आवाज चढला. "माझ्या हातानं नवी पाकिटं फोडलीत मी. ठेव ती डबी. सुई टोचून पोरीला घाबरवशील."

तिने डबी खाली ठेवली नाही, पण उघडलीही नाही. पंप दिला. पुन्हा दिला. मुलगी दोन्ही हात पुढे टेकून, खांदे वर ओढून बसली होती आणि बोलत नव्हती. शिट्टी बारीक होत गेली. मग थांबली.

"बघ," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचे समाधान होते. "थांबली. उगाच घर डोक्यावर घेतेस."

बायकोने मुलीच्या छातीला कान लावला. आत काही ऐकू येत नव्हते. शिट्टी नव्हती, कारण शिट्टी वाजायला लागते तेवढीही हवा आत-बाहेर होत नव्हती. तिने वर पाहिले. पोरीचे ओठ निळसर पडले होते. मग तिने नवऱ्याला काही विचारले नाही. डबी उघडली, मांडीत इंजेक्शन खुपसले, दाबून धरले आणि शेजाऱ्यांना हाक मारली. तशी हाक भट्टीवाल्याने त्याआधी कधी ऐकली नव्हती. आपली बायको एवढ्या मोठ्याने ओरडू शकते, हे त्याला ठाऊकच नव्हते.

मुलगी वाचली. दवाखान्यात पुन्हा इंजेक्शने, प्राणवायू, काचेपलीकडे रात्र. सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. काय खाल्ले, कशात केले, हे त्यांनी विचारले, आणि उत्तर बायकोने दिले. तक्रारीचा सूर न लावता तिने फक्त सांगितले: ट्रे बेकरीतला होता.

"भाजल्यानं दाण्यातला तो अंश नाहीसा होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या थरात तो साठत राहतो. आणि रोजचा पंप चालू होता का?"

भट्टीवाला आपली नखे पाहू लागला.

"छाती आतून सुजलेलीच होती तर. त्यात हे. दोन्ही एकदम आलं की असं होतं." त्या रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर भट्टीवाल्याला बरे वाटले असते.

घरी आल्यावर त्याने पहिले काम केले ते ट्रेचे. अंगणात बसून धुण्याचा सोडा, वाळू आणि तारेचा घोसा घेऊन तो दिवसभर घासत राहिला. काळा थर आधी तपकिरी झाला, मग त्याचे पोपडे निघाले. संध्याकाळी खाली नुसता पत्रा उरला, ओरबाडलेला, परका. बोटांची सालटी निघाली होती. बायकोने दारातून पाहिले आणि ती आत गेली.

तो ट्रे त्याने बेकरीत परत नेला. पहिलाच घाणा चिकटला.

"उस्ताद, ट्रेला आंघोळ घातलीत की काय?" कुणीतरी म्हणाले, आणि त्याचेच वाक्य त्याच्यावर उलटून सगळी बेकरी हसली.

आता सांगावे, असे त्याला वाटले. मालक गल्ल्यावर होता, पलीकडे साध्या बिस्किटांची पाकिटे बांधली जात होती, आणि ती कुठल्या ट्रेवरून उतरली हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते? कुणा पोराची आई ती पाकिटे विचारपूर्वक निवडून नेत असेल, दाणा नाही म्हणून. वाक्य जिभेवर आले. पण ते बोलायचे तर आपल्या हाताने आपले उस्तादपण मोडावे लागणार होते.

"पावसात भिजला," तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो त्या ट्रेवर पुन्हा तेल आणि आच चढवू लागला. सकाळचा पहिला घाणा दाण्याचाच राहिला.

आत्या पोरीला पाहायला आली ती रविवारी. येताना ओव्या म्हणत असल्यासारखी एका लयीत बोलतच घरात शिरली. "दारात मरण येऊन गेलं गं बाई! आणि आई काय करत होती? घरात एक लेकरू, तेवढं सांभाळता येईना? काय खाते, कुठे पळते, बघायला नको?" बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने तो खाली ठेवला. "पंप वेळेवर द्यायचा असतो, एवढं आम्हा अडाण्यांनाही कळतं. पण मुळात रक्तातच आणलंय, तर कुणाला बोलायचं?"

मुलगी खाटेवर बसून बापाकडे पाहत होती.

बायकोही पाहत होती. आपण सांगितले तर ते भांडण होईल आणि त्याने सांगितले तर ते सत्य होईल, हा फरक तिला कळत होता. ती फक्त थांबली होती. इतकी वर्षे या घरात तिने मागितले ते फार थोडे होते, आणि आता ती एकच वाक्य मागत होती.

त्याच्याजवळ ते वाक्य तयार होते. अंगणात ट्रे घासताना त्याने ते मनात शंभरदा म्हटले होते: ताई, बिस्किटं मी केली, ट्रे मी आणला, पंप मी बंद केला, आणि तिनं इंजेक्शन काढलं तेव्हा तिचा हात मी अडवला.

आत्या त्याच्याकडे वळली. डोळ्यांत पाणी आणून तिने भावाच्या पाठीवरून हात फिरवला. "वाळलास रे किती. तू तरी लक्ष ठेव आता. अन्नातलं तुला कळतं."

"हो," तो म्हणाला. "ठेवतो."

बायकोने तांब्या उचलला आणि आत निघून गेली. आत भांडी घासण्याचा आवाज सुरू झाला. नेहमीसारखाच, ना मोठा ना लहान.

आत्या गेल्यावर मुलीला तहान लागली. तो चटकन उठला, पेला घासून घेतला, विसळला, पुन्हा विसळला आणि भरून तिच्यापुढे धरला. मुलीने हात पुढे केला. मग तो मागे घेतला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून, अजूनही बसलेल्या आवाजात, तिने विचारले,

"आई, बाबा पाणी देतायत. पिऊ का?"

आतला आवाज थांबला. उत्तर येईपर्यंत तो पेला धरून उभा राहिला.