बोलत्या मुंडक्याचं टेबल

आमच्या दारापुढच्या ओट्यावर एक टेबल आहे. त्याला मधोमध माणसाचं डोकं वर येईल एवढं भोक आहे. आई त्यात पाण्याचा माठ बसवते. कुणी पावणं विचारतं, "हे कसलं वो टेबल?" तर आई म्हणते, "माठाचंच हाय." ते माठाचं कसं झालं ते मला ठाऊक आहे.

माझे आप्पा नारायणगावच्या एका तमाशाच्या फडात होते. त्यांना गळा नव्हता, नाच येत नव्हता, ढोलकी वाजवायचे पण फडात त्यांच्याहून सरस दोघं होते. त्यांना जागा होती ती या टेबलामुळं. वगात राजाचं मुंडकं उडवायचे, ते ताटात झाकून दरबारात आणायचे आणि टेबलावर ठेवायचे. फडकं काढलं की मुंडकं डोळे उघडायचं आणि आपल्याला कुणी मारलं ते सांगायचं. मुंडकं म्हणजे आप्पा. टेबलाखालून तर मागचा पडदा आरपार दिसायचा. मग धड कुठं गेलं? जत्रेत आलेली माणसं घरी जाईपर्यंत यावरच भांडायची.

पावसाळ्यात फड बंद असायचा, तेव्हा आप्पा टेबल घरी आणून डागडुजी करायचे आणि मी हाताखाली असायचे. टेबलाला तीन पाय, आणि पायांमध्ये दोन आरसे होते. पुढच्या मधल्या पायापाशी जुळलेले आणि तिथून तिरके मागच्या दोन पायांपर्यंत गेलेले. कोन पंचेचाळीस अंशांचा. त्यामुळं समोरच्या माणसाला आरशात बाजूचा पडदा दिसायचा, आणि बाजूचा पडदा मागच्याच कापडाचा असल्यानं त्याला वाटायचं आपण मागचाच बघतोय. आरशांमागं आप्पा मांडी घालून बसलेले. ताट बिनबुडाचं, ते ठेवलं की आप्पा भोकातून डोकं फडक्याखाली वर काढायचे. कोन जरा हलला की खेळ संपला, म्हणून ते सुतळी ताणून पुन्हा पुन्हा मोजायचे. एकदा आरशाच्या कडेनं माझा अंगठा चांगलाच कापला. आप्पांनी हळद दाबली आणि म्हणाले, "हे बाहेर कुठं बोलायचं नाय, बरं का. माझं पोट याच्यावर हाय." मी मान हलवली. अंगठ्यावर अजून व्रण आहे.

अकरावीत फिजिक्सच्या सरांनी परावर्तन शिकवताना तमाशाचा विषय काढला. म्हणाले, मुंडकं रबराचं असतं आणि आवाज मागून येतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या बापाला रबराचं म्हणतोय. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, तो खरा माणूस असतो. तुम्ही आत्ता जे शिकवताय ना, तेच आहे ते." वर्ग हसला. मला मात्र फार ताठा चढला.

तास संपल्यावर सरांनी मला थांबवलं. किती गोड बोलले राव. "विज्ञान लपवायचं नसतं बाळ. फक्त या वर्गासाठी करून दाखव. माझ्या फोनच्या बाहेर जाणार नाही, शब्द देतो." इतक्या हुशार माणसानं मला असं कधी विचारलं नव्हतं. प्रयोगशाळेत स्टूल घेतलं, दोन आरसे घेतले आणि सुतळी ताणून मी कोन लावून दिला. सरांनी फोनवर व्हिडिओ काढून घेतला.

आठवड्यानं मैत्रिणीनं फोन पुढं केला. सरांच्या चॅनलवर ठळक अक्षरांत होतं, तमाशातल्या बोलत्या मुंडक्याचं बिंग फुटलं. सर सांगत होते की त्यांनी बराच अभ्यास करून हे शोधून काढलं. माझं तोंड कापलेलं, नुसते हात ठेवलेले.

मी त्यांच्याकडं गेले आणि काढून टाका म्हणाले. ते हसले. "तुझं नाव आलंय का कुठं? लोकांची अंधश्रद्धा जातेय, त्यात वाईट काय?" कसली अंधश्रद्धा? आमच्या लोकांना काय वाटत होतं, रोज एक राजा खरंच मारतात? कसं करतात तेवढं कळत नव्हतं आणि त्यातच मजा होती. हे मला तेव्हा सरांच्या तोंडावर बोलता आलं नाही. माझा केसानं गळा कापला त्या माणसानं, आणि मी "बरं सर" म्हणून परत आले.

आप्पांचा रोज फोन यायचा. त्यांना सांगायला पाहिजे होतं, म्हणजे त्यांनी तो सीन काढला असता. रोज ठरवायचे आणि रोज "जेवलात का" एवढंच विचारून फोन आईकडं द्यायचे.

पुढं आंबेगाव तालुक्यात माझ्या मावशीच्या गावची जत्रा होती आणि तमाशा आप्पांच्याच फडाचा. आई आणि मी पुढं बसलो होतो. टेबल आलं, ताट आलं, फडकं निघालं. आप्पांनी डोळे उघडले. तेवढ्यात मागून कुणीतरी लेझरचा हिरवा ठिपका टेबलाखाली सोडला. तो मागच्या पडद्यावर पडायला हवा होता, तो बाजूच्या पडद्यावर जाऊन नाचायला लागला. मग आणखी तीन-चार ठिपके आले. "आरसा हाय, आरसा," पोरं ओरडली, आणि सगळा तंबू हसायला लागला. एक ठिपका आप्पांच्या डोळ्यांवर आला. हात खाली अडकलेले, मान हलवायची सोय नाही. ते डोळे मिटून आपलं बोलणं बोलत राहिले. राजाला कुणी मारलं ते त्या दिवशी कुणालाच ऐकू गेलं नाही. फडाच्या मालकानं पडदा पाडला.

मी मागं गेले. आप्पा पेपरानं आरसा पुसत होते. मालक नुकताच सांगून गेला होता की उद्यापासून टेबल नको. मी रडायला लागले.

"व्हिडिओ बघितला म्या," आप्पा म्हणाले. "मागंच बघितला. अंगठा वळखला."

ते पुसत राहिले. "कोन बराबर लावला व्हतास. मला शिकायला लई दिवस लागले व्हते."

"ठाऊक होतं तर मग सीन का लावलात, आप्पा?"

"काढला असता तर मालकानं इचारलं असतं, का काढतोस. मंग कुणी फोडलं ते सांगावं लागलं असतं." त्यांनी आरसा सोडवला आणि एक टोक माझ्याकडं केलं. "धर नीट. कडंला बोट लावू नको."