कमानीवरचं एक नाव पुसलं, एक ठेवलं

माझ्या मैत्रिणीवर अन्याय झाला. कधी, तर यंदाच्या चैत्रातल्या यात्रेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मांडववाले जेवायला बसले होते तेव्हा. आमच्या गावच्या देवळाच्या कमानीवर खाली उजव्या कोपऱ्यात दोन नावं होती, तिचं आणि माझं. यात्रा कमिटीने चुना मागवला आणि एक नाव पुसलं. तिचं. माझं ठेवलं. ती विहाराजवळच्या वस्तीतली, मी पाटलांच्या आळीतली. एवढं सांगितल्यावर कारण कुणी समजावायची गरज नाही. तरी सगळ्यांनी मला समजावलंच.

कोपऱ्यातलं नाव ही हौस नव्हे. फ्लेक्स उन्हाने वर्षाच्या आत पांढरा पडतो, म्हणून आमच्याकडे कमानी अजून हाताने रंगवून घेतात. पण पेंटरला ना दुकान ना पाटी. यात्रेला मंचरपासून ओतूरपर्यंतची माणसं येतात, मान वर करून कमान बघतात, मग वाकून कोपऱ्यातलं नाव वाचतात. पुढच्या गावचं काम त्या नावाला मिळतं. तिची ही पहिली मोठी कमान होती. इथून तिचा धंदा सुरू व्हायचा होता.

हात तिने कुठे बसवला तेही सांगते, कारण ‘देणगी असते एकेकाची’ असं म्हणून लोक मोकळे होतात. कसली देणगी! विहाराच्या ओट्यावर काळा फळा आहे. पाणी कधी सुटणार, कुणाकडे वंदना आहे, एखादा विचार, असं रोज सकाळी त्यावर लिहायचं. शाळेत असल्यापासून ते काम तिच्याकडे. आणि वस्तीचा नियम असा की चूक काढायची तर खडू हातात घ्यायचा. नुसती नावं ठेवून पुढे जाता येत नाही.

एसटीतून रिटायर झालेले एक ड्रायव्हर आजोबा रोज फळ्यापुढे थांबायचे.

“काय गं, ह्यो क्ष हाय का खेकडा?”

“आजोबा, घ्या खडू.”

“माजं हात थरथरत्यात.”

“मग राहू द्या खेकडा, संध्याकाळी रस्सा करू.”

तरी आजोबा खडू घ्यायचेच. डेअरीत दूध घालायला निघालेली बाई स्कुटी न थांबवता ओरडून जायची, “लई बारीक लिवलंस, दिसंना!” आणि परतीच्या वाटेवर थांबून तीच ओळ स्वतः मोठ्या अक्षरात गिरवायची. अशी सगळ्या वस्तीने मिळून ती पेंटर घडवली. पावसाळा असो, परीक्षा असो, फळा कोरा राहिला नाही.

मी तिथे पोचले ती माझ्या आंदोलनापायी. कॉलेजच्या मुलींसाठी सकाळची एसटी हवी म्हणून आम्ही पत्रकं वाटत होतो. मजकूर माझा जोरदार, पण हातच्या पाट्या कुणाला वाचता येईनात. तिने माझी पाटी बघितली आणि विचारलं, “एसटी मागायचीय का डॉक्टरची चिठ्ठी लिवायचीय?” दुसऱ्या दिवसापासून मी ओट्यावर, तिच्याकडे अक्षर गिरवायला. आमच्या घरी कुरकुर सुरू झाली, “तिकडं रोज काय असतं?” फळा असतो, म्हटलं.

यंदा कमिटीने कमानीचं काम द्यायला मला बोलावलं. मी तिथल्या तिथे सांगितलं, अक्षर तिचं, मी हाताखाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. परांची बांधली. गेरूत भिजवलेला दोरा ताणून, टिचकी मारून ओळी पाडल्या. आजोबा पार रस्त्यापलीकडे उभे राहून ओरडत होते, “डावीकडं उतरली राव ओळ!” ओझरला निघालेल्या गाड्या थांबवून लोक फोटो काढायला लागले. माझे चुलते कमिटीत आहेत. त्यांनीही काढला.

त्याच चुलत्यांना मी त्या दुपारी विचारलं, नाव का पुसलं?

“देवाच्या दारात पेंटरची नावं कशाला?”

“मग माझं का ठेवलं?”

“तू घरची हायस.”

“आणि वर्गणीदारांची? ती तर दगडात कोरलीत.”

“आमाला शिकवू नगं. लोक बोलत्यात.”

“कोण लोक? एकाचं नाव सांगा.”

चुलत्यांनी मोबाईल कानाला लावला. तो वाजलाच नव्हता.

घाईत यांनी ऑईल पेंटवर चुना फासला होता. तो कसला टिकतोय! दुसऱ्या दिवशी धरणाचं पाणी घेऊन कावडी आल्या, रिवाजाप्रमाणे कमानीवर पाणी उडालं आणि चुना ओघळला. भर यात्रेत तिचं नाव उघडं पडलं. गर्दीत कुणीतरी म्हणालं, “आता देवानंच धुतलं, करा काय करायचं ते!” लोक हसले. कमिटी हसली नाही. सूर्य मावळायच्या आत माणूस शिडी घेऊन आला, आणि आता तिथे ऑईल पेंटचा भगवा चौकोन आहे, तिच्या नावाएवढा.

त्या चौकोनाने काय केलं ते ऐका. यात्रेनंतर घोडेगावकडच्या एका गावातून मला फोन आला. “ताई, आमचीबी कमान करायचीय.” मी म्हटलं, अक्षर माझं नाही, मैत्रिणीचं आहे, आणि तिचं नाव, वस्ती सांगून म्हटलं, तिला काम द्या. समोरचा गृहस्थ अगदी गोड बोलला, “आणा की त्यांना. नाव तेवढं तुमचंच टाकू.” मी नाही म्हटलं. “बघतो,” म्हणाला. पुन्हा फोन नाही. म्हणजे हात तिचा चालतो, राबणं चालतं, परांचीवर उन्हात उभं राहिलेलं चालतं. नाव तेवढं बाटतं!

मी ओट्यावर गेले आणि म्हटलं, मीही माझं नाव पुसून टाकते. ती पाण्याची वेळ लिहीत होती. मागे न बघता म्हणाली, “लई भारी. मंग आपल्या दोघींची नावं न्हाईत, आन् कमिटी म्हणंल, बघा, सगळ्यांना सारखा न्याय. मला माजं नाव पायजे. तुजं पुसलेलं घिऊन मी काय करू?”

बरोबर आहे तिचं. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. नुसती हळहळ नको. जुन्नर-आंबेगावातल्या लोकांनो, आपापल्या गावच्या कमानीखाली जाऊन कोपरा बघा. नाव नसेल तर कमिटीत तुमचा जो काका, मामा, मेहुणा असेल त्याला चारचौघांत विचारा की हे कुणी रंगवलं, आणि त्याचं नाव कुठे आहे. नारायणगावहून येडगावकडे जाताना आमची कमान लागते. तिथे गाडी थांबवा, त्या भगव्या चौकोनाकडे बोट दाखवा आणि हाच प्रश्न मोठ्याने विचारा. उत्तर मिळेपर्यंत गाडी सुरू करू नका.