वासावर मिश्री

ती बोलायची ते पदर तोंडाला लावूनच. आधी विचारायची, "येतो काय गो वास?" आणि उत्तर यायच्या आत मागे सरकायची. अशी एखादी बाई तुमच्याही ओळखीची असेल.

काजूच्या कारखान्यात आम्ही शेजारी बसून गर सोलायचो. वास यायचा, खोटं कशाला बोलू? पण मी म्हणायचे, "मेल्या काजूच्या वासापुढं तुझा कुठला कळतोय!" मग ती पदराआड हसायची.

शिमग्याला मुंबईहून आलेला नवरा तोंड फिरवून झोपला, तेव्हापासून तिने धसकाच घेतला. लवंग झाली, बडीशेप झाली, पेरूची पानं चघळून झाली. जीभ इतकी खरवडायची की मलाच कसंतरी व्हायचं. पण तिचा हुकमी इलाज म्हणजे मिश्री. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड तिच्या आईने लावली, आजीने लावली. आता ही जेवणाच्या सुट्टीतही दातांवरून बोट फिरवायला लागली. "घासल्याबिगर वास कसा जायचा?" म्हणायची.

एकदा डब्यातलं कालवण झोंबलं म्हणून ती तोंड उघडून हाताने वारा घालत होती. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, मधोमध लाल. मी माझा डबा तसाच बंद केला.

"डॉक्टरकडे चल."

"नको गो बाय. वासानं उठून जातील ते. लाज वाटते."

"लाजेनं मरशील!" मी ओरडले, आणि त्या शब्दाला मीच घाबरले.

रत्नागिरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई उठून गेल्या नाहीत. हिरड्या सडल्यात, वास तिथून येतो, म्हणाल्या. आणि हिरड्या खाल्ल्या त्या मिश्रीनेच. मग चट्ट्यावर बॅटरी धरून तो निरखून पाहिला. त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, म्हणाल्या.

तिने एवढंच विचारलं, "मंग वास जाईल ना?"

मला रडूच फुटलं. घरी आल्यावर आरशापुढे आ करून उभी राहिले, कारण मिश्री मीही लावायचे. बोटाने गाल ओढून ओढून आत बघत राहिले.

रिपोर्ट वाईट आला. नवरा तिला मुंबईला घेऊन गेला, ऑपरेशन झालं. मग त्याचा फोन आला.

"बोलता येत नाय तिला. तुम्ही बोला, ऐकतेय ती."

मी कारखान्यातलं काहीबाही सांगत सुटले. पलीकडून हूं की चूं नाही. घाबरून गप्प झाले, तेव्हा तिचा श्वास ऐकू आला. जड, अडखळत. मी फोन कानाला घट्ट दाबून धरला.