शेजारणीसाठी ठराव

मी सरपंच होते तेव्हा आमच्या गावात परदेशी पाहुण्या आल्या होत्या. परदेशी म्हणजे गोऱ्या नव्हेत. आजूबाजूच्या, आपल्यासारख्याच ओढाताणीच्या देशांतून निवडून आलेल्या बायका. एकमेकींचं बघून आपापला गावकारभार सुधारावा, अशी एका संस्थेची कल्पना होती. मेडशीवरून त्यांची गाडी आली तेव्हा सोयाबीनची मळणी जोरात होती, आणि ग्रामसभेला माणसं गोळा करता करता माझा घसा बसला होता.

त्यातली एक माझ्याकडे मुक्कामाला राहिली. शेजारच्या एका देशातल्या गावपरिषदेची ती अध्यक्ष. देशाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. टीव्हीवरच्या मालिका बघून शिकलेलं हिंदी बोलायची. सासूबाईंनी भाकरीवर ठेचा वाढला, तर पठ्ठीने पुन्हा मागून घेतला. सासूबाई म्हणाल्या, "हे तं आपल्यातलीच हाय वं माय."

ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवरून बायकांनी मला उभं-आडवं घेतलं. पाहुण्यांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला मात्र तेच आवडलं. आमच्याकडे अध्यक्षाला कुणी असं विचारत नाही, म्हणाली, मी हे सुरू करणार. आणि तिने केलंही. दोन-तीन महिन्यांनी तिच्या सभेचा फोटो आला. एक म्हातारी तिच्यावर बोट रोखून उभी, आणि ही बाई आपली हसतेय.

जाताना सगळ्यांनी वचन दिलं होतं. आपल्यातल्या कुणाची निवडून आलेली खुर्ची काढून घेतली, तर बाकीच्यांनी आपापल्या सभेत ठराव करून तिच्या सरकारला पाठवायचा. टाळ्या मीच सगळ्यात जोरात वाजवल्या. असली वेळ आमच्यावर कशाला येते, अशी माझी घमेंड.

यंदा तिचा आवाजातला निरोप आला. तिकडे सरकार पालटलं आणि एका हुकुमात साऱ्या गावपरिषदा बरखास्त झाल्या. हिने खुर्ची सोडायला नकार दिला म्हणून हिची चौकशी लागली. तिच्यासोबत नकार देणाऱ्या दोघींना आधीच उचलून नेलं होतं. "दीदी, चौकशीच्या तारखेआधी ठराव पाठवा. बाहेरून कुणी बघतंय एवढं तरी त्यांना कळू दे." आवाज तिचाच होता, पण हसू कुठेच नव्हतं.

ठराव करणार कोण? माझी मुदत संपून वर्ष उलटलं होतं. नवी निवडणूक लागलीच नव्हती. पंचायत समितीचे एक साहेब प्रशासक म्हणून गावचा कारभार बघत. चार-पाच गावं त्यांच्याकडे, आमच्या वाट्याला ते गुरुवारी येत. मी गुरुवारी जाऊन बसले. त्यांनी सगळं ऐकलं, चहाही मागवला.

"ताई, तुमचं मन मले समजते," ते म्हणाले. "पन दुसऱ्या देशाचा विषय ग्रामसभेत घेऊन माही नोकरी घालवता काय? अन् राग नका मानू, तुमी आता माजी."

त्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच मला जास्त चीड आली.

बाहेर चुलत दीर भेटले. "वयनी, आपल्याच निवडनुकीचा पत्ता नाई, अन् तुमी परदेशाची घेऊन बसल्या? घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" पारावरचे सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार?

शेवटी बचत गटातल्या बायकांना घेऊन बसले. कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या, सगळ्यांनी सह्या केल्या. सासूबाईंनी अंगठा दिला आणि विचारलं, "थ्या पोरीचा जीव वाचन ना यानं?" मी कागदाचा फोटो पाठवला. तासाभरात तिने विचारलं, यावर पंचायतीचा शिक्का का नाही?

तेव्हा मला सांगावं लागलं. आमची निवडणूक झालेली नाही, पंचायतीत निवडून आलेलं आता कुणीच नाही, मी पण नाही.

मग तिचा आवाज आला. "दीदी, तुमची मुदत संपली तेव्हा मी खुर्चीवर होते. मला का नाही सांगितलं? मी तुमच्यासाठी ठराव केला असता."

मला ते सुचलंच नव्हतं. आपल्यावर काही अन्याय झालाय, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. प्रशासक पहिल्यांदा आले त्या दिवशी मीच गावासमोर शाल-नारळ देऊन त्यांचं स्वागत केलं होतं, आणि भाषणात त्यांना सहकार्याचं आश्वासनही दिलं होतं.

हे तिला सांगायला मी फोन लावला. तो बंद होता. चौकशीचा दिवस होऊन गेला, मी रोज लावते, अजून बंदच आहे.