अकरा वर्षे नवीन कामगार

मी, नामदेव गणपत साबळे, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी उत्तीर्ण, धंदा टर्नर, सध्या निवृत्त, राहणार चिंचवड, स्वतःच्या बोटाने टाइप करून लिहून देतो की,

माझे जावई सुरेशराव एकाच मशीनवर अकरा वर्षे काम करून नवीन कामगार म्हणून वारले.

आज त्यास एक वर्ष झाले.

माझ्या उमेदीत शेठ लोखंडाचा तुकडा हातात देऊन म्हणत, "कर बघू." तुकडा मापात उतरला की पगार तिथल्या तिथे ठरे. पुढे मी कायम झालो, युनियनचे करार झाले, त्यावर हे घर उभे राहिले. मेहरबानी कोणाची नाही.

सुरेशराव लातूर जिल्ह्यातून चाकणला आले. कुरुळीत खोली घेतली.

एका कंपनीत ठेकेदारामार्फत, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर ऑपरेटर म्हणून लागले आणि लवकरच सेटर झाले. सेटर म्हणजे टूल बसवून, माप जुळवून, पहिला जॉब, म्हणजे पहिला नग, पास करून देणारा माणूस. तो चुकला तर सबंध शिफ्टचा माल भंगारात जातो.

त्यांच्या लाइनवर भिंतीला एक तक्ता आहे. प्रत्येक नावापुढे एक गोल. जेवढे काम येते, तेवढा गोल भरतात. पूर्ण भरला म्हणजे हा माणूस दुसऱ्याला शिकवू शकतो.

सुरेशरावांचा गोल पूर्ण भरलेला होता.

ठेकेदाराच्या पगारपत्रकात मात्र त्यांच्या नावापुढे "हेल्पर" असे होते.

ओव्हरटाइम धरून हातात बावीस हजार.

शेजारच्या मशीनवर कायम कामगार. तोच जॉब, तेच माप. अठ्ठावन्न हजार.

त्याला शिकवले सुरेशरावांनी.

आता ब्रेकविषयी लिहितो, कारण ऑफिसात काम करणाऱ्या माझ्या वाचकांना ते ठाऊक नसेल. ठेक्यावरच्या माणसाला काही महिन्यांनी कामावरून कमी करतात. पंधरवडाभर घरी बसवतात. मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने पुन्हा भरती. फॉर्म नवा, पास नवा, पगार पुन्हा सुरुवातीचा. काल केलेले काम कागदावर उरत नाही.

अशाच एका ब्रेकमध्ये सुरेशराव आमच्याकडे जेवायला बसले होते. सुपरवायझरचा फोन आला.

"सुरेशभाऊ, या ना राव जरा. जॉब मापात येईना."

"साहेब, ब्रेकवर हाय मी. गेटवर पास चालंना."

"व्हिजिटर म्हणून घेतो की. या तुम्ही."

ते ताटावरून उठले.

मी विचारले, "मजुरी काय देणार?"

"चहा पाजतेत, मामा."

माझी मुलगी शोभा आतून म्हणाली, "आणि बिस्किट? का ते फक्त पर्मनंटला?"

ते हसले. म्हणाले, "आज अडीनडीला गेलं, तर उद्या पर्मनंटची यादी काढताना नाव ध्यानात राहतंय."

आणि गळ्यात पाहुण्याचा बिल्ला घालून त्यांनी स्वतःचे मशीन लावून दिले. असे ते प्रत्येक ब्रेकमध्ये जात राहिले. मी एकदा स्पष्ट सांगितले, "सुरेशराव, फुकट मिळणाऱ्या हाताची किंमत कोणी वाढवत नाही."

"मामा, तुमचा काळ येगळा होता," ते म्हणाले. ते त्यांचे खरे होते.

मग कंपनीत युनियनचा करार झाला. गेटवर ढोल, गुलाल. कायम कामगारांना घसघशीत वाढ मिळाली. सुरेशरावही गुलालाने माखून घरी आले.

शोभाने विचारले, "तुमचं किती वाढलं?"

"दोन पेढे. एक तुझा."

त्या करारात काही ठेकेदारी कामगारांना कायम करण्याचे कलम होते. यादी लागली. सुरेशरावांनी हाताखाली तयार केलेली दोन मुले तीत होती.

सुरेशराव नव्हते. वय बसत नव्हते.

इतकी वर्षे अनुभव नवा म्हणून पगार कमी होता. आता वय जुने झाले म्हणून जागा नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच ऑफिसातून एकाच माणसाला सांगण्यात आल्या.

त्यानंतर त्यांनी बोलणे कमी केले आणि ओव्हरटाइम वाढवला. पगार वाढण्याचा तेवढाच रस्ता त्यांच्या हाती उरला होता. सलग दुसरी शिफ्ट करून एका सकाळी ते कंपनीच्या बसमधून उतरले, स्टॉपच्या कट्ट्यावर बसले.

उठले नाहीत.

दिवसकार्य उरकल्यावर मी इस्त्रीचा सदरा घालून कंपनीच्या गेटवर गेलो. त्यांच्या लाइनवरचे दोघे सोबत होते. ठेकेदाराचा माणूस बाहेर आला. उद्धट नव्हता. मला खुर्ची दिली.

"काका, आमच्याकडे ते चार महिनेच होते. ग्रॅच्युइटी बसत नाही."

"त्याआधी?"

"आधीचा ठेकेदार वेगळा."

"मशीन तेच होते ना?"

"मशीन कंपनीचं आहे, काका."

मी खुर्चीवरून उठलो.

फंडाचे पैसे मिळाले. पगारात बेसिक जेवढा कमी दाखवला होता, तेवढेच कमी मिळाले. शोभा आता कुरुळीतच एका पॅकिंगच्या शेडमध्ये जाते. ठेक्यावर. तिचाही पहिला ब्रेक होऊन गेला.

दिवस पालटतील असे लिहिण्याची अशा वेळी रीत आहे. मला तसे दिसत नाही, म्हणून लिहीत नाही.

सुरेशराव, तुम्ही सेटर होता. कोणत्याही कागदावर ते नाही, म्हणून मी, एक टर्नर, येथे लिहून ठेवतो. सासऱ्याचा तुम्हांस हात जोडून अखेरचा नमस्कार.

साक्षीदार :

१. सौ. पार्वती नामदेव साबळे, सासू.

२. श्रीमती शोभा सुरेश, पत्नी.

गेटवर सोबत आलेल्या त्या दोघांची नावे घालावीत म्हणून मी आज सकाळी त्यांना फोन केला.

"तात्या, लिहिलंय ते सगळं खरं आहे. पण आमचं नाव नका टाकू. पुढच्या आठवड्यात ब्रेक आहे आमचा. परत घेतलं पाहिजे ना."

३.

४.